एका देशाचे दोन देश

मुसलमानांच्या घरात मुले जास्त का, या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर असते : धर्म. गंमत म्हणजे मुसलमानांवर टीका करणारा आणि आपल्यातलाच एखादा कर्मठ मौलाना, या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत होते. अशा वेळी मला पाकिस्तान आणि बांगलादेश आठवतात. दोन्हीकडे बहुसंख्य मुसलमान, तेही बहुतांश सुन्नी हनफी, आणि १९४७ ते १९७१ ही चोवीस वर्षे दोन्ही मिळून एकच देश.

१९५१च्या शिरगणतीत पूर्व पाकिस्तानची लोकसंख्या चार कोटींच्या वर होती, पश्चिमेची त्याहून कमी. तागाचे परकीय चलन पूर्वेकडून येई. राजधानी आणि लष्कर पश्चिमेत. १९७०च्या नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळाने लाखो माणसे गेली, पुढच्याच वर्षी युद्ध झाले. तेव्हा दोन्हीकडे बाईला सरासरी सहा-सात मुले होत, आणि आयुर्मानात बांगलादेश पाकिस्तानच्या मागे होता.

आज पाकिस्तानात हा आकडा साडेतीनच्या आसपास आहे, बांगलादेशात दोनच्या. पाच वर्षांच्या आत दगावणारी मुले पाकिस्तानात हजारी साठच्या घरात, बांगलादेशात तीसच्या. बांगलादेशी माणूस सरासरी काही वर्षे जास्त जगतो. लोकसंख्येचे पारडेही फिरले : बांगलादेश सुमारे १७ कोटी, पाकिस्तान २४ कोटी.

हे कसे घडले? माझ्या मते गोष्ट जुलाबापासून सुरू होते. मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचा रोगी वाचतो, हे १९६८मध्ये ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे ज्ञान अखंड पाकिस्तानातच जन्मले होते. पण ते घरोघर नेले १९७२मध्ये फजले हसन आबेद यांनी सुरू केलेल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने. १९८०पासून दहा वर्षे तिच्या कार्यकर्त्या खेड्यापाड्यांत फिरल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ. एक कोटीहून जास्त घरांतल्या बायका हे शिकल्या. कार्यकर्तीचा मेहनताना किती घरे केली यावर ठरत नसे. काही दिवसांनी तपासनीस येई आणि त्या आईला किती आठवते यावर तो ठरे. आपल्याकडच्या किती योजनांत असा हिशेब होतो?

मूल जगेल अशी खात्री पटली की जास्त मुलांची गरज कमी होते. त्याच काळात बांगलादेश सरकारने गावातल्याच शिकलेल्या बायकांना कुटुंबनियोजनाच्या कामावर नेमले. पडद्यातल्या बाईला दवाखान्यात जाणे अवघड, म्हणून गोळ्या तिच्या दारी नेल्या. पाकिस्ताननेही १९९४पासून ‘लेडी हेल्थ वर्कर’ नेमल्या, पण तोवर बरीच वर्षे निघून गेली होती.

बांगलादेशात सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही. कपड्यांच्या कारखान्यांनी लाखो मुलींच्या हातात पगार दिला, आणि २०१३मध्ये राणा प्लाझाची इमारत कोसळली तेव्हा अकराशेहून अधिक जीव गेले. बालविवाहाचा आकडा तर धक्कादायक आहे. बांगलादेशात निम्म्याच्या आसपास मुलींची लग्ने अठराच्या आत होतात, पाकिस्तानात सुमारे पाचातल्या एकीचे. तरीही मुले कमी आहेत ती बांगलादेशातच, कारण लवकर लग्न होऊन आलेल्या त्या सुनेलाही गोळी कुठे मिळते ते ठाऊक असते आणि ती मागायला तिला लाज वाटत नाही.