घर कुणाचे? एकोडीच्या आबादीपासून सनदेपर्यंत

१/ एकोडी हे भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्याचे गाव. या भागात धानाची बांधी विकायची असेल, तर सातबारा पुढे ठेवला की बोलणी सुरू होतात. राहते घर विकायचे ठरले, की मात्र पहिलाच प्रश्न अडतो : घराचा कागद कोणता? शेताला कागद मिळाला आणि घराला का नाही, याचा हा इतिहास. #धागा

२/ आरंभ एका शब्दापासून. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गावठाण म्हणतात, त्याला जुन्या मध्य प्रांतात ‘आबादी’ म्हणत. फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ ‘वस्तीची जागा’. शब्दातील हा भेद जमीनव्यवस्थेतील भेदाचीच खूण आहे. मुंबई इलाख्यात रयतवारी होती, तर नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजारी.

३/ १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्या दशकातील जमीन बंदोबस्तात, सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजारांना गावाचे मालक म्हणून मान्यता मिळाली. भंडाऱ्यातील बहुतेक गावे मालगुजारीत, तर काही जमीनदारीत होती. पडीत, तलाव आणि आबादीची जमीनही याच मालकीत गणली गेली.

४/ मग कुळाच्या घराचे काय? गावात कसणाऱ्या कुळाला आबादीत घरापुरती जागा भाड्याविना वापरण्याचा हक्क होता. गावाच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तऐवजात नोंदल्या जात. म्हणजे राहण्याचा हक्क पक्का होता. पण घराखालची जमीन घरमालकाच्या नावाची नव्हती.

५/ बंदोबस्ताची मोजणी महसुलासाठी होती. शेत सारा देई, म्हणून त्याचा नकाशा झाला आणि कसणाऱ्याचे नाव चढले. घर सारा देत नसे. त्यामुळे आबादी साधारणतः एकाच क्रमांकाखाली राहिली आणि तिच्या आतील घरांच्या सीमा भिंती, कुंपणे व शेजाऱ्यांची स्मृती यांच्यावर सोपवल्या गेल्या.

६/ ३१ मार्च १९५१ रोजी हे चित्र बदलले. मध्य प्रदेशच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने (१९५०) मालगुजारी संपली आणि गावे सरकारकडे आली. पूर्व विदर्भातील ‘मामा तलाव’ या नावात ती घटना आजही जिवंत आहे : ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी. तलाव सरकारजमा झाले. घरे मात्र ज्यांच्या ताब्यात होती, त्यांच्याकडेच राहावीत अशी तरतूद कायद्यात होती.

७/ तरतूद झाली, पण प्रत्येक घर मोजून त्याचा कागद हाती देण्याचे काम मागे पडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तर १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची; ती १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. तिच्या कलम १२६ मध्ये गावठाणाच्या भूमापनाची सोय आहे. प्रत्यक्षात दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावांना आधी हात लागला आणि लहान गावे थांबून राहिली.

८/ ही पोकळी ग्रामपंचायतीच्या ‘नमुना ८’ ने भरली. ही घरपट्टी आकारणीची नोंदवही. उतारा स्वस्त, गावातच मिळणारा. म्हणून लोक त्यालाच मालकीचा कागद समजू लागले. परंतु ही नोंद कर कोणाकडून घ्यायचा एवढेच सांगते. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. शेतीच्या ‘आठ-अ’ खाते उताऱ्याशी तिची गल्लत करू नये. तो महसूल खात्याचा वेगळा दस्तऐवज आहे.

९/ विक्रीचा कायदा तर त्याहून जुना. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीची स्थावर मिळकत विकायची, तर नोंदणीकृत खरेदीखत हवे. मुद्रांकावरील विक्रीचा करार स्वतःहून मालकी देत नाही. तरीही गावोगावी घरे इसारपावती आणि साध्या लिखापढीवर हातोहात बदलत राहिली.

१०/ त्याची किंमत विकणाऱ्याने मोजली. पक्का कागद नसलेल्या घरावर बँक सहजासहजी कर्ज देत नाही. त्यामुळे रोख रक्कम बाळगणारा, बहुधा ओळखीतलाच, गिऱ्हाईक उरतो आणि भाव तोच ठरवतो. मुलीचे शिक्षण किंवा दवाखान्याचा खर्च यांसाठी घाईने घर काढणाऱ्याला हा तोटा सर्वाधिक बसतो.

११/ पुढचा टप्पा ड्रोनचा. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला. २४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना देशभरासाठी जाहीर झाली. पद्धत अशी : घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या, वरून छायाचित्रे घ्यायची, नकाशा बनवून गावात पडताळायचा, हरकती ऐकायच्या आणि मग मिळकत पत्रिका व सनद द्यायची.

१२/ ११ ऑक्टोबर २०२० रोजी सहा राज्यांतील ७६३ गावांसाठी पहिल्या मिळकत पत्रिकांचे वितरण झाले. त्यांत महाराष्ट्राची १०० गावे होती. इतर पाच राज्यांत छापील पत्रिका एका दिवसात मिळणार होती, महाराष्ट्रात महिनाभराने. कारण येथे पत्रिकेसाठी नाममात्र शुल्क वसूल करण्याची पद्धत होती. कागद बनवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हा जुनाच प्रश्न नव्या यंत्रासोबतही आला.

१३/ शुल्क थोडे असले, तरी खरा खर्च अनेकदा दुसरीकडे होतो. घर आजोबांच्या नावावर, वारस चार गावांत विखुरलेले. वारसनोंद नसेल, तर स्वस्त सनदही विक्रीला पुरत नाही. सर्व हिस्सेदारांच्या सह्या लागतात. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. चौकशीच्या दिवशी त्यांची नावे सांगितली जातात की नाही, यावर पुढची भांडणे अवलंबून असतात.

१४/ जगात अन्यत्र घराच्या कागदाने पुढचा प्रश्न विचारायला घेतला आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानंतर इंग्लंडमध्ये २००७ पासून घर विकताना ऊर्जा प्रमाणपत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. ते दहा वर्षे चालते, त्याला ठरावीक सरकारी दर नाही. म्हणून विक्रेता चार तपासनिसांकडे भाव विचारतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो चुकत नाही. भारतात निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली. तिचा रोख मोठ्या बांधकामांवर आहे.

१५/ मातीच्या जाड भिंतींचे, कवेलूंचे घर उन्हाळ्यात किती थंड राहते, हे मोजणारा कागद कधीतरी एकोडीसारख्या गावातही मागितला जाईल. पण घर उष्णता कशी अडवते, हे लिहिण्याआधी ते कोणाचे आहे, हे लिहून झाले पाहिजे.

१६/ म्हणून घरातली जुनी ट्रंक एकदा उघडून पाहावी. घरपट्टीची पावती निघाली, तर तो कर भरल्याचा पुरावा. लिखापढी निघाली, तर ते वचन. नोंदणीकृत खरेदीखत निघाले, तर तो व्यवहार. सनद निघाली, तर ती मोजणी आणि चौकशीतून आलेली सरकारी नोंद. चारही कागद जपावेत. एकाचे काम दुसऱ्यावर सोपवू नये. (समाप्त)