आजीची वाकळ

परवा माळा आवरताना आजीची वाकळ सापडली. आमच्याकडे म्हसवडला गोधडीला वाकळच म्हणतात. आत आजोबांचं धोतर, वर आईची साडी... आणि कोपऱ्यात ते विटकं लुगडं, जे नेसून आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. काठाकडून मध्याकडे धावदोरा, टाके सगळे एकसारखे. आणि आजीला सही येत नव्हती!

१९९७ मध्ये म्हसवडलाच माणदेशी महिला बँक सुरू झाली. बायका निरक्षर, म्हणून आधी परवाना नाकारला होता. त्या अक्षरं शिकल्या, व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवले, तेव्हा मिळाला. मला नवल नाही वाटत. वाकळ शिवणाऱ्या बायका त्या!

वाकळ धुवायला काढली होती, पण तशीच घडी घालून ठेवली. लुगडं विरलंय... धुतलं तर आजीचा तो दुष्काळही जाईल.