हेरखात्याचा हिशेब

देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव चालू असला की त्याचे दणके वाऱ्याबरोबर आमच्या अंबडपर्यंत येतात. दिवाळीत तर फटाका कोणता आणि तोफ कोणती, यावर पोरांच्या पैजा लागतात. (अंबड म्हटले की पुष्कळांना जालन्याकडचे अंबड आठवते. हे ते नव्हे. हे नाशिकला चिकटलेले, एकेकाळी शेतामळ्यांचे आणि आता कारखान्यांच्या पाळ्यांवर उठणारे अंबड.) नाशिकच्या माणसाला लष्कर असे कानावरून ओळखीचे असते. इकडे देवळालीच्या तोफा, तिकडे ओझरला १९६४ पासून मिग विमानांचा कारखाना. पण लष्कराच्या एका गुपिताशीही नाशिकचा संबंध आहे, आणि तो मात्र फारसा कुणाच्या ध्यानात नाही.

२ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण लोकसभेत एक निवेदन वाचायला उभे राहिले. आदल्या वर्षी चीनने आपला जो पराभव केला, त्याच्या चौकशीचे ते निवेदन होते. हे यशवंतराव पुढे लोकसभेत गेले ते आधी साताऱ्याचे नव्हे, नाशिकचे खासदार म्हणून. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण धावलेल्या सह्याद्रीला लोकसभेत बसायला जागा हवी होती, ती १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने दिली. तीही बिनविरोध. वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "म्हणजे गुरुजी, त्यांना कुणीच मत दिलं नाही?" मी हसलो खरा, पण प्रश्न चुकीचा नव्हता. त्या प्रसंगी नाशकात एकही मतपत्रिका पेटीत पडली नव्हती. तशी गरजच कुणाला वाटली नाही.

निवेदनाकडे येण्यापूर्वी पाच-सहा वर्षे मागे गेले पाहिजे.

१९५७ च्या शरदात चीनने जाहीर केले की सिंकियांगहून तिबेटला जाणारा मोटाररस्ता पुरा झाला. हा रस्ता लडाखच्या अक्साई चीनमधून, म्हणजे आपण आपला म्हणत होतो त्या मुलखातून जात होता. १९५८ च्या उन्हाळ्यात खात्री करून घेण्यासाठी आपण दोन तुकड्या पाठवल्या. त्यांतली एक चिन्यांनी पकडली. १८ ऑक्टोबर १९५८ ला दिल्लीने पेकिंगला निषेधाचे पत्र धाडले. एवढे सगळे झाले, पण लोकसभेला त्याचा पत्ता नव्हता. पंडित नेहरूंनी रस्त्याची हकीकत सभागृहापुढे ठेवली ती २८ ऑगस्ट १९५९ रोजी. पत्र जाऊन दहा महिने लोटले होते आणि रस्त्यावरून दोन वर्षे गाड्या धावत होत्या.

शिवछत्रपतींच्या बहिर्जी नाइकाचे काम सोपे नव्हते, पण एका बाबतीत त्याला घोर नव्हता. बातमी आणली, राजाच्या कानात सांगितली, की त्याची जबाबदारी संपली. लोकशाहीत राजाचे पाचशे तुकडे होऊन लोकसभेच्या बाकांवर बसलेले असतात. मग हेराने बातमी सांगायची कुणाच्या कानात? पंतप्रधानांच्या, हे उघड आहे. पण पंतप्रधानांनी ती बातमी दहा महिने खिशात ठेवली, किंवा ती मुळातच खोटी निघाली, तर विचारायचे कुणी?

१९५९ च्या त्या अधिवेशनात सभासद खवळले आणि त्यांनी विचारले. ७ सप्टेंबरला सरकारने चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका सभागृहापुढे ठेवली, आणि पुढे एकामागून एक पत्रिका निघत राहिल्या. आचार्य कृपलानी होते, आपल्या राजापूरचे नाथ पै होते. विरोधी बाकांवरून सरकार चांगलेच धारेवर धरले गेले. जिथे गवताची काडी उगवत नाही अशा प्रदेशाबद्दल नेहरू बोलले, तेव्हा महावीर त्यागींनी आपल्या टकलाकडे बोट दाखवून, इथेही काही उगवत नाही, मग हेही देऊन टाकायचे काय, असे विचारले म्हणतात. ही गोष्ट आपण दिवाळीच्या फराळासारखी चवीने वाटत आलो.

पण इथे मला थोडे थांबावेसे वाटते. सभागृहाला कागद मिळाले ते शेजाऱ्याला पाठवलेल्या पत्रांचे. शेजाऱ्याच्या अंगणात किती सैन्य, किती रस्ते, किती तोफा, हे सांगणारा एकही कागद त्यांत नव्हता. त्यामुळे सभासदांच्या हाती संताप आला, माप आले नाही. प्रत्येक भाषणागणिक सरकारला मागे सरकणे अवघड होत गेले. २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत, पुढे जाऊन चौक्या मांडण्याचे धोरण ठरले. सैन्य नेऊन ठेवायचे, पण त्याच्या पाठीमागे रस्ता नाही, रसद नाही, आणि चिनी लोक मोठा हल्ला करणार नाहीत हे गृहीत. हे गृहीत कुणाचे, कशाच्या आधारावर, असे लोकसभेत कुणी विचारू शकले असते तर? विचारले असते तरी राष्ट्रहितास्तव सांगता येत नाही, हेच उत्तर मिळाले असते, याबद्दल मला शंका नाही.

२० ऑक्टोबर १९६२ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, हल्ला झाला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ८ नोव्हेंबरला संसद भरली. काही सभासदांनी सुचवले की दारे लावून गुप्त बैठक घ्यावी, म्हणजे मोकळेपणी बोलता येईल. नेहरूंनी ते मानले नाही. साऱ्या देशाला ज्याची काळजी लागली आहे ते उघड्यावरच बोलावे, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला उदात्त आहे. पण उघड्यावर फक्त उघडे तेवढेच बोलता येते. १४ नोव्हेंबरला सभागृहाने आक्रमकाला हुसकून लावण्याची प्रतिज्ञा केली, आणि पाचच दिवसांत बोमदिला पडले. २१ तारखेला चीनने स्वतःहून युद्ध थांबवले. त्याच दिवशी यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली.

नवे सरसेनापती जनरल चौधरी यांनी चौकशी नेमली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत, अशी दोन माणसे. १९६३ च्या उन्हाळ्यात अहवाल तयार झाला, जुलैत तो चव्हाणांच्या टेबलावर आला. सप्टेंबरात ते लोकसभेत उभे राहिले ते अहवाल घेऊन नव्हे, अहवालाचे सार घेऊन. आतला मजकूर बाहेर गेला तर सीमेच्या रक्षणाला आणि जवानांच्या मनोधैर्याला धक्का पोहोचेल, म्हणून अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही, असे त्यांनी सांगितले.

तरी त्या सारात जे आहे ते थोडके नाही. डोंगरी लढाईचे शिक्षण अपुरे, साहित्य अपुरे, वरच्या सेनाधिकाऱ्यांत उणिवा. आणि हेरगिरीबद्दल तर त्यांनी आडपडदा ठेवला नाही. माहिती गोळा होणे समाधानकारक नव्हते. ती सावकाश येई, मोघम येई. तिचा अर्थ लावण्यात चूक झाली असावी. आणि लावलेला अर्थ पुढच्या ठाण्यांवर लढणाऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचला नाही. मोठ्यातल्या मोठ्या सैन्यालाही सरकारकडून धोरणाचे नीट मार्गदर्शन लागते, हेही ते बोलले. आपल्याच सरकारबद्दल एखाद्या मंत्र्याने इतके बोलणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ते पुढे नाशिकचे खासदार झालेल्या माणसाने केले याचा मला अभिमान वाटतो.

पण ही फक्त एका बाजूची कैफियत होती. चौकशी लष्कराने लष्कराची केलेली. इंटेलिजन्स ब्यूरो तिच्या कक्षेबाहेर. मंत्रालयांचे कागद तिच्या हाती नाहीत. ब्यूरोचे प्रमुख भोलानाथ मलिक १९५० पासून १९६४ पर्यंत त्या खुर्चीवर होते. निवृत्तीनंतर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि त्यात आपली बाजू मांडली: चिन्यांच्या रस्त्यांची, ठाण्यांची, जमवाजमवीची बातमी आम्ही देत होतो, ऐकणाऱ्यांनी ऐकली नाही. लष्कर म्हणते बातमी मिळाली नाही, हेरखाते म्हणते बातमी दिली. गावच्या पंचायतीत असा तंटा आला तर पंच दोघांना समोरासमोर उभे करतात आणि चावडीवर कागद मागवतात. इथे सरकारी आकड्यांप्रमाणे १३८३ जवान कामी आले, हजारो कैद झाले, आणि देशाच्या सर्वांत मोठ्या पंचायतीला ना माणसे समोर उभी करता आली, ना कागद मागता आले.

यशवंतरावांचे १९६३ मध्ये चुकले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सैन्य नव्याने उभारायचे होते आणि शत्रू डोंगरापलीकडेच बसलेला होता. छापू नये हे ठीक. पण छापणे आणि दाखवणे यांत अंतर आहे. गुप्ततेची शपथ घालून निवडक दहा-पंधरा सभासदांना तो अहवाल वाचायला द्यावा, ही कल्पना त्या काळीही अशक्य नव्हती. ती रुजली मात्र नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये यशवंतराव गृहमंत्री झाले. २१ सप्टेंबर १९६८ ला परदेशी हेरगिरीचे काम ब्यूरोकडून काढून नव्या ‘रॉ’ या खात्याकडे गेले. खाते नवे, पण ते स्थापन करणारा संसदेचा कायदा नाही आणि त्याच्यावर देखरेख करणारी संसदेची समितीही नाही.

बाहेरच्या जगात काय झाले तेही पाहावे. अमेरिकेत सिनेटर चर्च यांच्या समितीने १९७५ मध्ये हेरखात्याची कपाटे उघडली, आणि पुढच्या दोन वर्षांत दोन्ही सभागृहांनी कायमच्या समित्या नेमल्या. ज्यांच्याकडून आपण पार्लमेंट घेतले त्या इंग्रजांनी १९९४ मध्ये कायदा करून तशी समिती बसवली. आपल्याकडे २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी एक खासगी विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला, काही भाग गाळून का होईना. ही समितीही सरकारने नेमलेली होती, संसदेची नव्हती. तरी १९६३ पेक्षा पाऊल पुढे पडले, हे कबूल करायला हवे.

हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र कपाटातच राहिला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी लोकसभेला सांगितले की त्यातला मजकूर आजच्या लष्करी कामाच्या दृष्टीनेही नाजूक आहे. सत्तेचाळीस वर्षे उलटली होती. मग मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने, इतकी वर्षे जपून ठेवलेली त्याची बरीचशी पाने इंटरनेटवर ठेवून दिली. यशवंतराव जाऊन तेव्हा तीस वर्षे होत आली होती. नाशिकचे त्या वेळचे खासदार आणि अंबडचा हा मास्तर, दोघांनाही ती पाने वाचायला मिळाली ती एकाच दिवशी आणि एकाच वाटेने.