दिवा कुणाच्या हातात?

विकत घेतलेली वस्तू आपली असते, असं आपण धरून चालतो. रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे ३०० डॉलरचा हब अमेरिकेत लोकांनी असाच घेतला होता. घरातले दिवे, कुलपं त्यावर चालायची. नेस्टने २०१४ मध्ये ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवाच बंद केली. डबा घरात, पण निर्जीव!

त्याआधीच, २०१३ साली, पाउलस स्खाउत्सेन या प्रोग्रामरनं आपल्या फिलिप्स ह्यू दिव्यांसाठी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. तोच पुढे होम असिस्टंट झाला. तो घरातल्याच कॉम्प्युटरवर चालतो, कोड खुला, जगभरातले लोक त्यात भर घालतात.

मला महत्त्वाची वाटते ती एप्रिल २०२४ ची घटना. कोड खुला असला, तरी प्रकल्पाचं नाव आणि कारभार विकला जाऊ शकतो ना! म्हणून स्वित्झर्लंडमध्ये ओपन होम फाउंडेशन स्थापन झालं, आणि होम असिस्टंटसह २४० हून अधिक प्रकल्प, लायब्ररी वगैरे त्याच्या स्वाधीन केल्या. आता मालक असा कुणी नाहीच, मग विकणार कोण? साधारण देवस्थानच्या जमिनीसारखं. (त्या जमिनींचं पुढे काय होतं, ते तुम्ही जाणताच.) खर्चाचं म्हणाल, तर नबू कासा ही २०१८ पासूनची कंपनी वर्गणीतून हातभार लावते. वर्गणी न भरणाऱ्याच्या घरातही दिवा लागतोच.