कंपनीने ज्यांना हाकलले

आधी बायबल आले आणि त्याच्या आडून तलवार आली, मिशनरी म्हणजे इंग्रजी राज्याचे बिनपगारी शिपाई, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला आता कोणी पुरावा मागत नाही. शाळकरी निबंधापासून विद्वानांच्या प्रस्तावनेपर्यंत ते सारख्याच खात्रीने मांडले जाते. मराठी मुलखापुरते तरी हे मत चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष पोकळ नाही. गोव्यात राजसत्ता आणि धर्मसत्ता खरोखरच हातात हात घालून वावरत होत्या. तिथे 1560 मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि ते कायमचे उठले 1812 मध्ये. देवळे पाडली गेली, लोक देव घेऊन खाडीपार गेले. कोकणाच्या स्मृतीतली ही जखम खरी आहे. चूक होते ती पोर्तुगीजांचा हा इतिहास इंग्रज कंपनीच्या अंगावर जसाच्या तसा चढवण्यात.

मुंबई बेट कंपनीच्या हाती आले 1668 मध्ये. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे कंपनीने व्यापार केला, किल्ले बांधले, लढाया मारल्या. मात्र प्रोटेस्टंट मिशनऱ्यांना आपल्या हद्दीत मुक्तद्वार दिले नाही. कारण उघड होते. धर्माला हात लावला तर रयत बिथरेल, सैन्य बिथरेल आणि नफा बुडेल. 1806 च्या वेल्लोरच्या उठावानंतर ही भीती आणखी वाढली. मिशनरी विल्यम कॅरी यांना आपला छापखाना कंपनीच्या हद्दीत काढता आला नाही. त्यांना डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात आसरा घ्यावा लागला. तिथेच 1805 मध्ये त्यांचे मराठी व्याकरण छापले गेले. हेच कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीचा पगार घेऊन मराठी शिकवत, हेही खरे आहे. कंपनीला त्यांची विद्या हवी होती. त्यांचे प्रवचन नको होते.

मुंबईचे प्रकरण याहून बोलके आहे, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण फेब्रुवारी 1812 मध्ये आपला देश सोडून निघाले. कोणत्याही सरकारने त्यांना धाडले नव्हते. न्यू इंग्लंडमधल्या चर्चमंडळींच्या वर्गणीवर ते आले होते. ते वाटेत असतानाच अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटले, त्यामुळे कलकत्त्याला पोचले ते शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून. चालते व्हा, असा हुकूम निघाला. ते फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला आले, तर त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचे फर्मान त्यांच्या पाठोपाठ आले. ते गुपचूप निघाले, कोचीनला सापडले आणि पुन्हा मुंबईत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपिअन यांच्याकडे त्यांनी लेखी दाद मागितली. बऱ्याच लिखापढीनंतर लंडनहून परवानगी आली आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. ज्या सत्तेचे हे हस्तक म्हणायचे, तीच सत्ता त्यांना जहाजात कोंबून परत धाडायला निघाली होती.

नॉट आजारपणामुळे 1815 मध्ये परतले. हॉल राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या. मिशनच्या छापखान्यातून 1817 पासून मराठी मजकूर बाहेर पडू लागला. बायको-मुले अमेरिकेला गेल्यावर ते एकटेच उरले. मार्च 1826 मध्ये ते नाशिककडे गेले, तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळ होते ते औषध त्यांनी रोग्यांना वाटले आणि परतीच्या वाटेवर स्वतः पटकीने गेले. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून झाला. इतक्या वर्षांत बाप्तिस्मा घेणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

यावर आक्षेप येईल : कंपनीच्या 1813 च्या सनदेने मिशनऱ्यांना दार उघडले, 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर मिशनच्या शाळांना सरकारी अनुदान मिळाले, दुष्काळात भुकेल्यांनी धर्म बदलला, त्यांच्या पत्रकांत आपल्या देवांची निंदा होती. यातले काहीही मी नाकारत नाही. निंदा होती आणि ती ओंगळ होती. दुष्काळातल्या अन्नाने श्रद्धेचा निर्णय गढूळ होतो, हेही मान्य. पण अनुदान शाळा चालवणाऱ्या हिंदू संस्थांनाही खुले होते. ते घेतल्याने न्यू इंग्लिश स्कूल काही साम्राज्याचे हस्तक ठरत नाही. आणि निंदेला उत्तर देण्याची मोकळीक इथे होती. 1831 मध्ये मोरभट दांडेकरांनी मिशनरी जॉन विल्सन यांना छापील उत्तर दिले. 1857 मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी भर सभेत भिडले, आणि त्या वादाचा वृत्तांत पुस्तकरूपाने काढला तो जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने. हे बोवेन मिशनचा पगार सोडून मुंबईत गरिबांच्या वस्तीत, गरिबांसारखेच राहत.

रूढ मतातली मला सर्वांत सलणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यात मराठी माणूस निव्वळ बाहुले ठरतो. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून आले, सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. आणि दोघांनीही बाप्तिस्मा घेतला नाही. बाबा पदमनजी यांनी विचार करून तो घेतला आणि 1857 मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख मांडले. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणले. काय घ्यायचे आणि काय ठेवून द्यायचे, हे या माणसांनी स्वतः ठरवले.

मिशनरी धर्मांतरासाठीच आले होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. त्यांच्या त्या हेतूशी वाद घालावा, कडाडून घालावा. दांडेकर आणि विष्णुबुवांनी तो घातलाच. पण कंपनीचे पाप त्यांच्या माथी मारू नये. अहमदनगरहून 1842 मध्ये निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे जुने अंक ग्रंथालयांत पडून आहेत. या विषयावर पुढचे मत बनवण्याआधी अभ्यासकांनी ते उघडून वाचावेत.