पत्रा एकीचा, चासी दुसरीची

आमच्या कोल्हापूरच्या घरामागच्या शेडमध्ये एक स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. उभी म्हणजे विटांवर. आजोबांनी ती १९६८ साली घेतली आणि मी चौथीत असताना ती शेवटची चालली. आजोबा जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला, की शेड पाडून तिथे दोन खोल्या काढायच्या आहेत, भंगारवाला येऊन बघून गेलाय, दिवाळीच्या आत काय ते ठरव.

आता माझी पदवी मेकॅनिकलची आणि पोट जावावर. चार वर्षांत मी पान्ह्याला हात लावलेला नाही. पण भंगारवाला हा शब्द ऐकला आणि रात्री एक वाजता लॅपटॉप उघडून बसलो. डोक्यात कल्पना अशी, की हेराल्डचा पत्रा ठेवायचा आणि खाली एखादी जुनी अल्टो घालायची. एसी, सुरू होणारं इंजिन, मिळणारे पार्ट, आणि वरून आजोबांची गाडी. दोन्ही गाड्यांचे व्हीलबेस शोधले. हेराल्ड २३२४ मिलीमीटर, अल्टो २३६०. फक्त ३६ मिलीमीटरचा फरक! मी तर खुर्चीतून उठलोच.

पुढच्या शनिवारी कोल्हापूर गाठलं आणि उद्यमनगरात आजोबांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझी एक्सेल शीट शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ह्या हेराल्डला चासी हाय. तुमच्या अल्टोला कुठं हाय चासी? वरचा पत्रा काढलासा तर खाली काय उरतंय, सीटा?"

चार वर्षं मेकॅनिकल शिकून मला जे सुचलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. असो.

मुद्दा असा आहे. जुन्या गाड्या दोन मजली असत. खाली लोखंडी चौकट, म्हणजे चासी. तिला इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगा, चाकं सगळं जोडलेलं. वर बॉडी, नटबोल्टने बसवलेली. आपली ST अशीच जन्माला येते. टाटा किंवा लेलँडची नुसती चासी यायची आणि महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत तिच्यावर बॉडी चढायची. हायवेवर ट्रकची बोडकी चासी घेऊन, तोंडाला फडकं गुंडाळून बसलेला ड्रायव्हर तुम्ही पाहिला असेलच. ती गाडी पूर्ण चालते, फक्त तिला अजून अंग नाही. याउलट अल्टोसारख्या मोनोकॉक गाडीत पत्रा हाच सांगाडा. तळ, खांब, छप्पर हे सगळं वेल्डिंगने एकजीव झालेलं. अंड्याचं टरफल बदलून बलक तोच ठेवता येत नाही, तसंच हे.

मग मला प्रश्न पडला की "जुनी बॉडी, नवी गाडी" हा खेळ जगात लोक घरच्या घरी खेळले तरी कसे? त्यात गेले तीन विकांत गेले. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात ब्रिटनमध्ये होते, ऑस्टिन सेव्हनपासून. १९२२ ते १९३९ या काळात ही चिमुकली ७४७ सीसीची गाडी जवळजवळ तीन लाख विकली गेली. चासी म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखी साधी चौकट. महायुद्ध संपल्यावर नवी गाडी मिळणं मुश्कील, जवळजवळ सगळा माल निर्यातीला जायचा. आणि जुन्या ऑस्टिन मात्र कवडीमोल. पोरांनी त्यांचे कुजलेले पत्रे काढून फेकले आणि हाताने बनवलेल्या बॉड्या चढवल्या. या गाड्यांना म्हणायचे 'स्पेशल'. १९४८ साली लंडनच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर प्लायवूडची बॉडी बसवली. त्याचं नाव कॉलिन चॅपमन, आणि गाडीचं नाव त्याने ठेवलं लोटस. पुढे फॉर्म्युला वनमध्ये जगज्जेती झाली ती हीच लोटस. (मैत्रिणीशी पुढे लग्नही झालं. सासऱ्यांच्या गॅरेजचं भाडं वसूल झालं म्हणायचं :) )

प्लायवूड आणि ॲल्युमिनियम ठोकायला मात्र हातात कसब लागतं. १९५० च्या दशकात फायबरग्लास आलं आणि चित्र पालटलं. स्टीलची बॉडी छापायला अवाढव्य प्रेस आणि महागडे साचे लागतात, त्यामुळे हजारोंनी बनवल्याशिवाय परवडत नाही. फायबरग्लासला एक साचा पुरतो. त्यात आधी जेलकोटचा गुळगुळीत थर द्यायचा, मग काचतंतूंची मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन चोपडायचं, वाळलं की उचलायचं. आपले गणपतीचे कारखाने आठवा. जुन्या शेडमध्येही हा धंदा होतो. ॲश्ली, फाल्कन, कॉनव्हेअर अशा छोट्या कंपन्यांनी नुसती कवचं विकायला सुरुवात केली. ऑस्टिन किंवा जुनी फोर्ड आणायची, पत्रा भंगारात द्यायचा आणि तिच्यावर हे लांबसडक रेसिंग गाडीसारखं कवच ठेवायचं. खाली तेच ११७२ सीसीचं म्हातारं इंजिन, तीनच गिअर, आणि सळ्यांनी ओढले जाणारे मेकॅनिकल ब्रेक. दिसायला चित्ता, धावायला म्हैस. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना इंजिन कुठे दिसतंय!

इथपर्यंतचा प्रकार माझ्या उलटा आहे, म्हणजे खाली जुनी गाडी आणि वर नवा चेहरा. कराची भानगड त्यातच आली. ब्रिटनमध्ये पूर्ण गाडीवर जबर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. त्यामुळे १९५७ साली आलेली लोटस सेव्हन 'किट' म्हणून विकली जायची, रविवारी घरी जोडून घ्या. असं सांगतात, की जोडणीच्या सूचना दिल्या तर ती पूर्ण गाडी धरली जाईल म्हणून गाडी *सुटी कशी करायची* याच्या सूचना द्यायचे. गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचायच्या. खरं-खोटं चॅपमन जाणे, पण सीए लोकांना हे आवडेल. १९७३ साली परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. जुन्या गाड्यांवरच्या स्पेशलना त्याआधीच, १९६० मध्ये, घरघर लागली होती, कारण त्या वर्षी जुन्या गाड्यांना सक्तीची तपासणी लागू झाली. म्हशीचे ब्रेक तिथे पास होईनात.

खरी मजा येते ती बीटलमुळे. फोक्सवॅगन बीटलचा तळ हा स्वतंत्र तुकडा. मधून एक बोगद्यासारखा कणा, मागे एअरकूल्ड इंजिन, पुढे मागे सस्पेन्शन. वरचं टरफल बोल्टवर. बोल्ट काढा, चारपाच मित्र बोलवा, उचला, बास. खाली उरतो तो तळ स्टिअरिंगसकट चालवता येतो. अशा दोन कोटींहून जास्त गाड्या जगभर विखुरलेल्या. म्हणजे फ्रंटएंड बदलायला याहून सोपी सिस्टीम नाही. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्सने, जो फायबरग्लासच्या होड्या बनवायचा, वाळूत पळणारी मँक्स ही बग्गी बनवली. सुरुवातीच्या थोड्या गाड्यांनंतर त्याने सरळ बीटलचा तळ वापरला, साधारण ३६ सेंटीमीटर कापून आखूड केलेला. १९६७ मध्ये तिने मेक्सिकोच्या बाहा वाळवंटात विक्रम केला आणि ऑर्डरींचा पूर आला. त्यापाठोपाठ नकलांचाही. मायर्स पेटंटसाठी कोर्टात गेला आणि हरला. त्याने काही हजार बॉड्या विकल्या, नकला त्याच्या कित्येक पट निघाल्या. ज्याच्या आयडियेने एवढा धंदा उभा राहिला त्याचं दुकान १९७१ मध्ये बंद पडलं. ओपन सोर्सबद्दल माझं मत चांगलं आहे, पण हे वाचून वाईट वाटलं.

याच तळावर मग जुन्या चेहऱ्यांची लाट आली. १९५० च्या सुमाराची एमजी, त्याहूनही जुनी बुगाटी, सगळ्यांची फायबरची कवचं बीटलवर. एमजीचं ते उभं रुबाबदार ग्रिल पुढे, आणि त्याच्यामागे? रेडिएटर नाही, इंजिन नाही, पेट्रोलची टाकी! इंजिन डिकीत फटफटतंय. मला हे आधी फार चीप वाटायचं. पण पोर्शे ३५६ स्पीडस्टरची गोष्ट वाचून मत जरा डळमळलं. बीटलचा २४०० मिलीमीटरचा व्हीलबेस स्पीडस्टरच्या २१०० वर आणायला तळ जवळपास फूटभर कापून पुन्हा वेल्ड करतात आणि वर स्पीडस्टरचं कवच ठेवतात. खोटी पोर्शे. पण १९४८ सालची पहिली ३५६ सुद्धा बीटलच्याच भागांवर उभी होती! म्हणजे ही नक्कल एका अर्थी आजोळी परत आलेली.

सगळ्यांनाच हा युक्तिवाद पटत नाही. १९८४ साली सुरू झालेल्या 'मायामी व्हाइस' या अमेरिकन मालिकेत हिरोची काळी फेरारी डेटोना स्पायडर होती. खऱ्या फेरारीने अशा सव्वाशेच्या आसपास बनवल्या होत्या. मालिकेतली मात्र शेवरोले कॉर्व्हेटच्या चासीवर बसवलेली फायबरची बॉडी. फेरारी कंपनी भडकली. शेवटी १९८६ मध्ये तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात ती काळी गाडी क्षेपणास्त्राने उडवून दिली, आणि त्यापुढे हिरोच्या हाती खरीखुरी पांढरी टेस्टारोसा आली. दुसऱ्या एका नकलाकारावरचा खटला फेरारीने १९९१ मध्ये अपिलातही जिंकला. बचाव असा होता की विकत घेणाऱ्याला तर माहीतच असतं ही नक्कल आहे. कोर्ट म्हणालं, रस्त्यावरून बघणाऱ्याला माहीत नसतं, आणि तेवढं पुरे.

आजकाल खाली घालायला चासीवाली गाडीच मिळत नाही, म्हणून लोक माझदा एमएक्स-५ किंवा बीएमडब्ल्यू झेड३ घेतात आणि आतलं मोनोकॉक तसंच ठेवून फक्त बाहेरची कातडी बदलतात. बॉनेट, मडगार्ड, मागचा भाग. हाडं नवी, चेहरा जुना. पण त्यात कवच नवीन साच्यातलं असतं. मला हवा होता तो *हाच* पत्रा, ज्याच्या डाव्या दारावर मी लहानपणी खिळ्याने नाव कोरलं आणि मार खाल्ला.

मिस्त्री म्हणाले, लईच हौस असेल तर जिप्सी घ्या, तिला चासी हाय. बरोबर! जिप्सीचा व्हीलबेस २३७५. पण मग गाडी कुठली? ब्रिटनच्या नोंदणी खात्याने यासाठी बरीच वर्षं एक गुणपद्धत वापरली. मूळ चासीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. आठ गुण जमले तर जुना नंबर राहतो. चासीवाल्या गाडीत बॉडीला किती? शून्य. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं, मग नाही आलं. त्या हिशोबाने माझी गाडी म्हणजे हेराल्डचा मुखवटा घातलेली जिप्सी.

आपल्याकडे तर गुणांचाही प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्या बाजूला २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, रोज चालवायची नाही. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं. म्हणजे जिप्सी घातली तर हेही दार बंद.

मग ठरवलं, व्हिंटेज. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आणि खोल्या?" मी म्हटलं, एक खोली काढा, दुसरीचं बघू. ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे याचा अर्थ हो असाही होतो आणि नाही असाही.

मागच्या रविवारी मिस्त्री घरी आले. त्यांनी हेराल्डचं पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलंडवलं आणि चासी दाखवली. पत्रा जागोजागी गेलाय, चासी बरी आहे. हेराल्डची बॉडी एकसंध नसून तुकड्यातुकड्यांनी बोल्ट केलेली आहे, हे मला वाचून माहीत होतं. कारणही मजेशीर आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉड्या पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली, मग अख्खी मोनोकॉक बॉडी छापून देणारं कुणी उरलं नाही. म्हणून १९५९ च्या नव्याकोऱ्या गाडीला जुन्या पद्धतीची चासी दिली आणि बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी बनवून जोडले. मद्रासला या गाड्या जोडायलाही ते सोयीचं पडलं. हे सगळं मी मिस्त्रींना उत्साहाने सांगत होतो.

त्यांनी मध्येच मागच्या मडगार्डवर पॉलिश पेपर फिरवला. वरचा क्रीम रंग निघाला, मग प्रायमर, आणि त्याखाली आकाशी निळा. पुढच्या भागावर फिरवला तर क्रीमखाली क्रीमच.

"कागलच्या रस्त्याला ठोकली हुती आजोबांनी," ते म्हणाले. "मागचं सगळं सांगलीच्या एका हेराल्डचं हाय. मीच बसवलंय, दोन दिवसांत. तुमच्या बाबांस्नी बी म्हाईत न्हाई."

बाबा शेडच्या दारात चहाचे कप घेऊन उभे होते.