दोन उत्तरं एक होतात तिथे

साल १६००च्या आसपासचं. इटलीत पेझारोजवळ, गुइदोबाल्दो देल मोंते या गणिती सरदाराशेजारी तुम्ही उभे आहात. समोर छपरासारखा उतार, जवळजवळ उभाच. सरदार शाईत बुडवलेला गोळा त्यावर तिरपा वर फेकतो. गोळा चढतो, वळतो, खाली येतो. मागे राहते ओली काळी रेघ.

नीट बघा. चढण आणि उतरण हुबेहूब सारखी! १५३७ साली तार्तालिया या गणितज्ञानं तोफगोळ्याची वाट आधी सरळ तिरपी, मग वळण, मग सरळ खाली अशी काढली होती. या रेघेनं ते चित्र पुसून टाकलं. सरदाराला ती उलट्या टांगलेल्या साखळीसारखी वाटते. हा अंदाज थोडा चुकतो, पण दोन्ही बाजू सारख्या आहेत हे त्यानं अचूक हेरलं.

आता तुमचं वर्गसमीकरण काढा. समजा, सुटताना गोळ्याचा वरच्या दिशेचा वेग सेकंदाला २० मीटर होता. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरलं, तर क सेकंदांनंतरची उंची २०क − ५क². उतारावर आकडे बदलतील, रीत तीच. शिवाय आडवा वेग बदलत नाही, म्हणून रेघेवरचं आडवं अंतर हेच तुमचं घड्याळ.

रेघेवर पट्टी आडवी धरा. गोळा १५ मीटरवर कधी होता? क² − ४क + ३ = ०. उत्तरं दोन: १ सेकंद आणि ३ सेकंद, एकदा जाताना, एकदा येताना. पट्टी २५ मीटरवर न्या. क² − ४क + ५ = ०, विवेचक उणे ४. वास्तव उत्तरच नाही, कारण गोळा तिथवर पोचलाच नाही. आता पट्टी हळूहळू खाली आणा. बरोबर २० मीटरवर समीकरण होतं क² − ४क + ४ = ०. विवेचक शून्य, दोन्ही मुळं २. पट्टी रेघेला जेमतेम टेकते. हाच माथा. पाठ केलेल्या सूत्रानंही २० मीटरच येतात, पण ते का येतात हे या पट्टीनं डोळ्यांना दिसतं, आणि वर्गात मुलांना आधी हेच दाखवायला हवं.

गुइदोबाल्दोच्याच मदतीनं प्राध्यापकी मिळालेला गॅलिलिओ ही वाट अन्वस्त असल्याचं सिद्ध करतो. १६३८ साली लायडनला छापलेल्या त्याच्या पुस्तकात अंशाअंशाला गोळा किती उंच जाईल याचे तक्ते आहेत. तोच वेग, तोफ थेट वर रोखलेली: उंची ४५ अंशांच्या दुप्पट.